अंग आंबलंय, डबा कुठला घेऊ? नव्या पैलवानासाठी खुराक, सप्लिमेंट आणि थकव्याचा हिशोब

जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू झाली की लातूर, परभणी, बीड, नांदेडच्या तालमींत नवी पोरं दाखल होतात. बहुतेक कुस्तीला, काही जुदो-बॉक्सिंगला. पहिले दोन महिने जोशात जातात. पोळ्याच्या आसपास एकेकाची तक्रार सुरू होते. सकाळी अंग उचलत नाही, दुसऱ्या लढतीत हाताची पकड सुटते, वर्गात बसलं की डोळ्यावर झापड येते. मग जोडीदारांपैकी कुणीतरी सांगतो, "डबा घे, डब्याशिवाय होत नाही." घरी फोन जातो आणि सोयाबीनच्या पट्टीतले दोन-अडीच हजार सप्लिमेंट पावडरीच्या डब्याच्या नावाने निघतात.

हा लेख त्या पोरासाठी आणि पोरीसाठी आहे, आणि पैसे देणाऱ्या घरासाठीही. माझं मत आधीच सांगतो. डबा कुठला घ्यायचा हा सगळ्यांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याच्या आधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक स्वस्तातली आहेत. ती ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने पुढे लिहिली आहेत.

पहिलं काम: थकवा कुठला आहे ते ओळखा

तालमीत सगळ्याच थकव्याला "अंग आंबलं" म्हणतात. पण आत वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि खांदे दुखतात, जिना उतरताना तोंड वाकडं होतं, हा स्नायूंचा ठणका. नव्या व्यायामाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, तिचं हे दुखणं. "लॅक्टिक ॲसिड साचलंय" असं सगळे सांगतात, पण लढतीत रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. हा ठणका दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. हलकं चालणं, सावकाश हातपाय हलवणं, मालिश यांनी बरं वाटतं.

पहिली लढत जोरात आणि दुसरीत एकदम हवा गेल्यासारखं होत असेल, तर बहुधा स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपलेलं असतं. म्हणजे खाणं कमी पडतंय. डोकं दुखतं, लघवी गडद पिवळी होते, पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडलेलं असतं. खाणं-पाणी ठीक असूनही आठवडेच्या आठवडे दम लवकर लागतो, पापण्या आतून फिक्या दिसतात, तेव्हा रक्त तपासायचं. आणि भूक गेली, झोप लागेना, चिडचिड वाढली, सरावाला जायचंच नको वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर शरीराला झेपण्यापलीकडे मेहनत होतेय. त्याला जगातला कुठलाही डबा उपयोगाचा नाही, मेहनत कमी करावी लागते.

एक खूण मात्र थेट दवाखान्याची आहे. तालमीत नवख्याकडून पहिल्याच दिवशी पाचशे-हजार बैठका काढून घ्यायची हौस काही ठिकाणी अजून आहे. त्यानंतर मांड्या दगडासारख्या सुजल्या, हात लावू देईनात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली आहेत. किडनी निकामी होऊ शकते. "नवीन आहेस, सुटेल दोन दिवसांत" असं कुणी म्हटलं तरी न थांबता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. अशा वेळी अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी स्वतःहून घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीवर आणखी भार टाकतात.

दुसरं काम: एक वही करा

शाळेची उरलेली वही चालते. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर वजन. अंथरुणातच मनगटावर बोट ठेवून मिनिटाची नाडी. झोप किती तास. कालची मेहनत एक ते दहामध्ये किती जड वाटली. एवढंच. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वाढलेली सलग दोन-तीन दिवस दिसली की त्या दिवशी जोर-बैठका कमी आणि डावांचा सराव जास्त करायचा. वस्तादांना वही दाखवा. जुने वस्ताद पोराच्या चालीवरून ओळखतात की आज याला सोडून द्यावं, पण शंभर पोरांत प्रत्येकाकडे त्यांची नजर पोचेलच असं नाही.

तिसरं काम: खुराकाचा हिशोब मांडा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. लढतीच्या खेळातल्या खेळाडूला रोज दर किलो वजनामागे साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे ६५ किलोच्या पोराला १०५ ते १३० ग्रॅम. यापेक्षा दुप्पट खाऊन दुप्पट ताकद येत नाही.

आता आपल्या घरात बघा. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ग्रॅम. चार उकडलेल्या अंड्यांत २५. ज्वारीच्या चार जाड भाकरींत, एकीला ८० ग्रॅम पीठ धरलं तर, ३० च्या वर. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२. तुरीच्या दाट वरणाच्या दोन वाट्यांत, ६० ग्रॅम कोरडी डाळ धरून, १३. झाले शंभर. त्यात ४० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी घातली की आणखी २०. एकशेवीस ग्रॅम झाले आणि अजून डब्याचं झाकण उघडलेलं नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर यांचे ढीग लागतात आणि त्याच जिल्ह्यातली पोरं परदेशी नावाच्या डब्यातून प्रोटीन शोधतात, ही गोष्ट मला कायम खटकते.

घरात माळ असेल, अंडं-मटण चालत नसेल तरी अडत नाही. दूध, दही, पनीर, सोया, हरभरा, तूर, शेंगदाणे यांवर खुराक उभा राहतो. भाकरीसोबत डाळ खाल्ली की एकीत जे कमी आहे ते दुसरीतून भरून निघतं. फक्त बी-१२ कडे लक्ष ठेवावं लागतं, त्याबद्दल पुढे येईल.

अंडी कच्ची पिऊ नका. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन शिजलेल्याच्या तुलनेत जेमतेम अर्धंच पचतं, आणि जंतूंची भीती वेगळी. तालमीत ग्लासात फोडून गटागटा पिण्यात रुबाब आहे, पण त्यात अर्धी अंडी वाया जातात.

जिथे आपली पोरं खरोखर कमी पडतात ती जागा वेगळीच आहे. प्रोटीनच्या नादात भाकरी-भात कमी करतात. दोन वेळ कसून मेहनत करणाऱ्याला दर किलोमागे रोज ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ६५ किलोला ३२५ ते ४५५ ग्रॅम. वरच्या जेवणात चार भाकरी, दूध आणि डाळ मिळून तीनशेच्याही खालीच येतात. म्हणजे तीन केळी, एक ताटभर भात, गुळाचा मोठा खडा हे सगळं अजून हवं. अर्धापूरची केळी नांदेडपासून तालुक्या-तालुक्याच्या बाजारात पोचतात आणि एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दुसऱ्या लढतीत पकड सुटणाऱ्या बऱ्याच पोरांचं औषध या केळ्यात आहे.

तूप आणि बदामाची थंडाई हा जुना खुराक टाकाऊ नाही. वजन वाढवायचं असेल, दिवसभर शेतातही राबायचं असेल, तर तुपासारखं उष्मांक देणारं दुसरं काही नाही. फक्त मेहनतीच्या तासभर आधी घेऊ नका, पोटात दगड पडल्यासारखं होतं. वजनगटात लढणाऱ्याने तुपाचा चमचा मोजून घ्यावा.

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद पैलवान हरिश्चंद्र बिराजदार ज्या काळात घडले त्या काळात दूध, तूप, बदाम, भाकरी एवढाच खुराक होता. आज पाटोद्याच्या राहुल आवारेसारखा मल्ल २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवतो, तेव्हा त्या पातळीवर सप्लिमेंटचाही विचार होतो. पण तिथवर पोचलेला खेळाडू पोटभर खाणं, झोप, तपासण्या ही सगळी पायाभरणी करूनच गेलेला असतो. आपण पाया सोडून कळसाचं सामान आणायला निघतो.

चौथं काम: कधी खायचं

पहाटेच्या मेहनतीआधी रिकाम्या पोटी जाऊ नका. एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि पाणी, अर्धा तास आधी. मेहनत संपल्यावर तासाभरात २० ते ३० ग्रॅम प्रोटीन आणि भरपूर कर्बोदकं. उदाहरणार्थ दोन ग्लास दूध, दोन केळी, दोन अंडी. ही वेळ घड्याळ लावून पाळायची गरज नाही. दिवसभरातलं प्रोटीन तीन-चार वेळांत विभागून पोटात गेलं म्हणजे झालं.

घाई फक्त एका प्रसंगी असते. एकाच दिवशी दोन-तीन कुस्त्या असतील तर दोन लढतींमधल्या वेळात दर तासाला दर किलोमागे एक ग्रॅमपर्यंत कर्बोदकं घ्यावी लागतात, तरच ग्लायकोजेन थोडंफार भरून निघतं. तेव्हा केळी, गूळ, मोसंबीचा रस, पातळ भात असं हलकं काही. वडापाव आणि मिसळ कुस्त्या संपल्यावर.

पाचवं काम: पाणी आणि मीठ

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालच्या तालमीत त्याहून जास्त उकाडा असतो. मेहनतीच्या आधी आणि नंतर वजन करा. जितके किलो कमी झाले, त्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू प्यायचं. नुसतं पाणी ढोसलं तर ते लघवीवाटे निघून जातं. सोबत मीठ हवं. ताकात मीठ-जिरं घाला, लिंबू-सरबतात मीठ-साखर घाला, किंवा लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातून ओआरएस घेणार असाल तर पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचा. ओआरएससारखं नाव असलेली गोड फळपेयं वेगळी असतात.

टँकरचं पाणी असेल त्या दिवसांत तालमीतला माठ रोज घासा आणि पाणी उकळून किंवा क्लोरिन टाकून ठेवा. जुलाबाच्या एका दौऱ्यात महिन्याचा खुराक वाया जातो.

सहावं काम: झोप

पहाटे चारला उठायचं, तर रात्री साडेआठ-नऊला अंथरूण. मोबाइल वस्तादांच्या खोलीत. दुपारी जेवणानंतर अर्धा-पाऊण तास डुलकी. वाढत्या वयातल्या खेळाडूला आठ-नऊ तास लागतात आणि त्याची भरपाई कुठल्याच पावडरीत नाही.

सातवं काम: रक्त तपासा

एवढं करून महिनाभरात फरक पडला नाही, तर सप्लिमेंटच्या दुकानाआधी प्रयोगशाळेत जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉइड. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. शरीरातला लोहाचा साठा आटत असतो आणि दम आधी जातो.

मुलींच्या बाबतीत हे काम सातवं न ठेवता पहिल्यांदाच करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. त्यात वजनगटासाठी खाणं तोडलं की पाळी लांबते किंवा बंदच होते. "मेहनतीने होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण आहे आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. आईला, नाहीतर तालमीतल्या ताईंना सांगा, आणि डॉक्टरांकडे जा.

शाळेतून आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी पोरं खिडकीतून फेकतात. ती घ्या. लोहाची गोळी लिंबू-पाण्यासोबत चांगली लागू पडते. चहा किंवा दुधासोबत घेतली तर शरीर बरंच लोह सोडून देतं. जंताची गोळीही चुकवू नका. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या आणि किडनीचा त्रास होऊ शकतो.

इथे जी कमतरता सापडेल तिचं औषध हेच तुमचं खरं सप्लिमेंट. पुष्कळांचा प्रवास इथेच संपतो.

आठवं काम: आता डब्यांकडे

व्हे प्रोटीन हे दुधापासून पनीर करताना उरणाऱ्या निवळीतून काढलेलं प्रोटीन. एका मापात साधारण २४ ग्रॅम. दुधाने पोट बिघडणाऱ्याला, हॉस्टेलवर जेवण खराब असणाऱ्याला, स्पर्धेसाठी चार दिवस बाहेर असणाऱ्याला सोयीचं आहे. घरी वरचा हिशोब जमत असेल तर गरज नाही.

क्रिएटिन मोनोहायड्रेट. ज्यांवर सगळ्यांत जास्त अभ्यास झालाय अशा सप्लिमेंटांत याचा नंबर वरचा. काही सेकंदांच्या स्फोटक ताकदीला, म्हणजे उचलून टाकणं, एकदम पायात शिरणं, अशा कामांना मदत होते आणि दोन झटक्यांमधली भरपाई लवकर होते. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. महिनाभरात स्नायूंचा साठा भरतो. सुरुवातीला पाच-सात दिवस २० ग्रॅम घ्यायची पद्धत आहे, पण नवख्याला घाई कसली? शाकाहारी खेळाडूत याचा गुण बऱ्याचदा जास्त दिसतो, कारण त्यांचा मुळातला साठा कमी असतो. अडचण एकच आणि पैलवानासाठी ती मोठी आहे. स्नायूंत पाणी धरल्याने वजन किलो-दोन किलोने वाढू शकतं. गटाच्या काठावर असलेल्याने स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नये. निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेत धोका दिसलेला नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम ज्यावरून जोखतात तो आकडा) थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. १८ वर्षांखालच्यांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कॅफिन थकव्याची जाणीव कमी करतं. प्रौढ खेळाडूत दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, तासभर आधी. ६० किलोला १८० झाले. एका कप चहात ३० ते ५० असतं, तर 'प्री-वर्कआउट' नावाच्या पावडरीच्या एका मापात दोनशे-तीनशे. छातीत धडधड, हात थरथरणं आणि रात्रीची झोप उडणं हे त्याचं बिल. संध्याकाळच्या सरावाला कॅफिन घेऊन झोप गमावणारा दुसऱ्या दिवशी जास्त थकतो, मग आणखी कॅफिन घेतो. नवख्यांनी चहावरच थांबावं.

बीटा-ॲलानिन (एक अमिनो आम्ल) आणि खाण्याचा सोडा यांचा उपयोग तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत हातपाय जळायला लागतात त्या थकव्यावर होतो. पहिलं रोज ३ ते ६ ग्रॅम काही आठवडे घ्यावं लागतं आणि अंगाला मुंग्या येतात. सोडा पोट बिघडवण्यात पटाईत आहे. दोन्ही गोष्टी राज्य-राष्ट्रीय पातळीवर लढणाऱ्यांनी तज्ज्ञासोबत बघाव्यात.

बीसीएए आणि ग्लुटामिन, म्हणजे प्रोटीनमधलीच काही अमिनो आम्लं सुटी करून विकलेली, यांवर पैसे घालवू नका. पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला त्यांतून वेगळं काही मिळत नाही. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर मेहनतीने शरीरात जे चांगले बदल व्हायचे तेच थोडे मंदावतात असं दिसलंय. बर्फाच्या पाण्याचंही असंच. सलग स्पर्धेच्या दिवसांत दुखणं कमी करायला ठीक, पण ताकदीच्या प्रत्येक मेहनतीनंतर रोज बसलात तर स्नायूंची वाढ कमी होते.

डबा घ्यायचाच असेल तर पावती घ्या. झाकणाचं सील, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत बघा. परवाना क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. पण त्यावरून डब्यात बंदी असलेलं द्रव्य नाही याची खात्री मिळत नाही. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा शिक्का असलेल्या मालाची उत्तेजकांसाठी तपासणी झालेली असते. महाग असतो, तरी स्पर्धेत उतरणाऱ्याने तोच घ्यावा. "मास गेनर", "टेस्टो बूस्टर", "फॅट कटर" अशा नावांच्या डब्यांपासून लांब राहा. भेसळ जास्त करून याच नावांखाली सापडते.

नववं काम: सुई, सलाईन आणि चूर्णाला नाही म्हणायला शिका

आपल्याकडे अशक्तपणा आला की गावातला डॉक्टर सलाईन लावतो आणि माणसाला बरं वाटतं. खेळाडूने हे करायचं नाही. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत बंद आहे, त्यात नुसतं ग्लुकोज असलं तरी. रुग्णालयात खऱ्या उपचारासाठी लावलं तर वेगळी गोष्ट, पण त्याची कागदपत्रं लागतात. आणि लिटरभर मीठ-साखरेच्या पाण्याने जे होतं त्यासाठी सुई कशाला?

तालमी आणि जिमच्या आसपास एक इंजेक्शन फिरतं, मेफेन्टरमाइन. भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं ते औषध आहे. त्याने तासभर थकवा कळत नाही, हृदय मात्र सुसाट धावतं. सवय लागते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. स्पर्धेत ते बंदी असलेलं उत्तेजक आहे. कुणी "दमाची सुई" म्हणून पुढे केली तर वस्तादांना आणि घरी सांगा. देणारा तुमचा दोस्त नाही.

वजन वाढवण्याची बिननावाची चूर्णंही तशीच. काहींत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत. तोंडावर सूज येते, ती पोरांना तब्येत वाटते. आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या कुस्त्या महाशिवरात्रीच्या सुमारास असतात. त्या दिवसांत थंडाईत भांग नाही ना, हे विचारून प्या. भांगेतलं द्रव्यही स्पर्धेच्या काळात बंद आहे.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, २०२३ च्या आकडेवारीत पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं प्रमाण भारताचं सर्वाधिक होतं, ३.८ टक्के. "मला माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, आणि शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा घेण्याआधी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, 'नो युवर मेडिसिन' या सुविधेवर नाव टाकून बघा. डॉक्टरांना खेळाडू असल्याचं आधी सांगा.

दहावं काम: वजन उतरवताना

प्लास्टिकचा सूट घालून धावणं, दोन दिवस पाणी तोडणं, थुंकून वजन उतरवणं, हे सगळं तालमीत चालतं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल अशाच रीतीने वजन उतरवताना साधारण महिनाभरात मेले आणि तिथले नियम बदलले. आपल्या मे महिन्यात तर हा प्रकार आणखी जीवघेणा. लघवी जास्त होण्याची गोळी, फ्युरोसेमाइड, शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही काढते आणि स्पर्धा असो-नसो, तिच्यावर कायम बंदी आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. तिच्याभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांची फौज होती. नवख्याने पहिली दोन वर्षं ज्या वजनात अंग मोकळं वाटतं त्याच गटात लढावं. कमी करायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, आणि तेही तूप-तळण-गोड कमी करून, प्रोटीन तसंच ठेवून.

लढतीचा दिवस

वजन सकाळी झालं की लगेच अर्धा लिटर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट, मग केळी, इडली किंवा मऊ भात-वरण. तूप नको, मटण नको. नवी वस्तू त्या दिवशी तोंडात घालायची नाही, मग ती कितीही मोठ्या पैलवानाने दिलेली असो. माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी जोड लागायला संध्याकाळ होते. सकाळपासून फडाच्या कडेला उन्हात बसून राहिलात तर कुस्तीआधीच दम जातो. पिशवीत पाण्याची बाटली, केळी, चिक्की, गमछा ठेवा आणि सावली धरा.

मोठ्या स्पर्धेत लढत संपल्यावर उत्तेजक चाचणीसाठी बोलावणं आलं तर घाबरायचं नाही. १८ वर्षांखालच्यासोबत एक मोठं माणूस थांबू शकतं. बाटल्यांचं किट स्वतः निवडा, सील स्वतः तपासा. किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो आणि तो दोन बाटल्यांत विभागून बंद करतात. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायची जागा असते. तिथे लोहाची गोळी, ड जीवनसत्त्वाची पुडी, व्हेचा डबा, खोकल्याचं औषध, सगळं नावानिशी लिहा. वापरत असलेल्या प्रत्येक डब्याच्या बॅच क्रमांकाचा आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि डबा संपला तरी तळाशी मापभर पावडर शिल्लक ठेवून तो सहा महिने फेकू नका.